पत्र्याची गाडी

गाडी उमरीहून आली त्या दिवशी मी गच्चीवर कुरडया घालत होते. खालून हॉर्नचा चिरका आवाज आला म्हणून कठड्यावरून वाकून पाहिलं, तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये एक पिवळी व्हॅन उभी होती आणि तिच्या खिडकीतून माझा नवरा वर बघून हसत होता. व्हॅनच्या अंगावर कुठल्यातरी शाळेचं नाव अर्धवट पुसलेलं होतं. दाराखालचा पत्रा सडून गेला होता. मागची काच नव्हती, तिथं खताचं पोतं ताणून बांधलं होतं.

"हे काय आणलं?" मी वरूनच विचारलं.

"खाली तर ये."

चिकाचे हात तसेच घेऊन मी खाली गेले. त्यांनी सरकतं दार ओढलं, ते अर्ध्यात अडकलं. मग खांदा लावून उघडलं. आत लहान मुलांच्या बसायच्या सीटा, फाटलेल्या, आणि खाली पाट्यापेन्सिलींचे तुकडे.

"चालते का?"

"उमरीहून चालतच आली ना. मधी दोनदा थांबली, पण आली."

"आणि करायची काय ही?"

"फिरायचं," ते म्हणाले. "आतमधी पलंग करायचा, शेगडी ठेवायची. जिथं वाटलं तिथं थांबायचं. लॉज न्हाई, हॉटेल न्हाई. आपण अजून समुद्र पाहिला न्हाई, माहीत हाय ना तुला?"

मला हसू आलं. तेही हसले. त्या दिवशी मी खरंच खूश होते, हे मला आठवतं. पुढं जे झालं त्यामुळे ते विसरायला नको.

माझ्या नवऱ्याचं नांदेडला मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांची तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हा धंदा. मी एका खाजगी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि आम्ही दोघं फिरायला म्हणून कुठंही गेलो नव्हतो. मोटारी जळतात उन्हाळ्यात आणि शाळेला मोठी सुट्टी असते तीही उन्हाळ्यात. मुलगी पुण्याला शिकायला गेली, घर रिकामं झालं आणि हे रोज जेवताना मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागले. कुणी बसचं घर केलंय, कुणी टेम्पोचं. त्यांतल्या लोकांकडे पैसा दिसायचा. आमच्याकडे हात होते. ह्यांचे हात तर असे की बंद पडलेली कोणतीही वस्तू त्यांच्या पुढ्यात ठेवावी आणि आपण स्वयंपाकाला लागावं.

पाऊस सुरू झाला की दुकानातलं काम कमी होतं. तेव्हापासून ते दुपारीच शटर ओढून घरी यायचे आणि प्लॉटमध्ये उतरायचे. आधी सीटा निघाल्या, त्या एका रिक्षावाल्याने नेल्या. मग सडलेला पत्रा कापून नवे तुकडे जोडले. वेल्डिंग ह्यांनी स्वतःच केलं. गाडीच्या कागदावर शाळेची गाडी अशी नोंद होती, ती बदलून घ्यायला आरटीओच्या कितीतरी खेपा झाल्या. दर खेपेला एक कागद कमी पडायचा. हे चिडायचे नाहीत. परत येताना भंगार बाजारातून काहीतरी घेऊन यायचे. एकदा बंद झालेल्या फोटो स्टुडिओतल्या प्लायच्या फळ्या आणल्या, एकदा कुणाच्यातरी जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी. फ्रीजच्या दुकानासमोर पडलेला थर्माकोल तर इतका आणला की आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. तो पत्रा आणि फळीच्या मधे भरायचा होता, म्हणजे आत उकडत नाही.

सुतारकामाला आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे चाचा यायचे. सत्तरीचे होते, कामधंदा सोडलेला होता, हात जरा थरथरायचे. पण रंधा हातात आला की थरथर थांबायची. पैसे घ्यायला तयार नव्हते. "घरी बसून काय करू? सून चहा देती आणि टीव्ही लावती," म्हणायचे. मला ते मॅडम म्हणायचे, ह्यांना नावाने हाक मारायचे. त्यांनी शिसवाच्या जुन्या बाजेच्या लाकडातून एक पलंग केला. दिवसा दुमडला की बसायचं बाक, रात्री उघडला की दोन माणसांना पुरेल असा. खिळा एकही नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवलेले. तो कसा उघडायचा आणि कसा मिटायचा, हे दाखवायला त्यांनी मला शाळेतून आल्या आल्या दोनदा प्लॉटवर बोलावलं होतं.

मीही त्यात होते. गाद्यांची खोळ मी शिवली. माझ्या दोन जुन्या साड्यांचे पडदे केले, एक निळी आणि एक मोरपंखी. मसाल्याच्या डब्या कुठं ठेवायच्या, पाण्याचा जार कुठं, हे मी कागदावर काढून दिलं. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, मला फोटो पाठव ना, माझ्या मैत्रिणींना खरंच वाटत नाही." दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं. नांदेडहून लातूर, तिथून जवळच्याच मुरुडवरून बार्शीच्या रस्त्याने पुढं कोकणात.

भाद्रपदात एका रविवारी दुपारी मी पडद्यांचं माप घ्यायला गाडीत गेले. पाऊस उघडला होता आणि ऊन कडक पडलं होतं. छताला अजून फळी लागली नव्हती, नुसता पत्रा होता. हे बाहेरून सरकतं दार नीट बसतंय का ते बघत होते. म्हणाले, "जरा आतच थांब, मी लावून बघतो." दार लागलं. बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला. मग ते छतावर हातोडीने कुठंतरी ठोकायला लागले.

मला काय झालं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. श्वास आत जाईना. हातातला टेप खाली पडला. तापलेल्या पत्र्याचा वास नाकात शिरला आणि मी एकदम बारा वर्षांची झाले.

माझं माहेर किल्लारीजवळच्या एका गावातलं. भूकंपात आमचं दगडमातीचं घर बसलं तेव्हा त्यात माझे आजोबा आणि माझा धाकटा भाऊ गेले. तो सात वर्षांचा होता. गणपती आदल्या दिवशीच बोळवले होते. त्यानंतर नवी घरं बांधून मिळेपर्यंत आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. एका ओळीत कितीतरी शेड, मधे नुसता पत्रा. पलीकडच्या शेडमध्ये कुणी खोकलं तरी ऐकू यायचं, कुणी रडलं तर यायचंच. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की माठातलं पाणीसुद्धा कोमट लागायचं. आई आम्हाला दाराकडे पाय करून झोपवायची आणि दाराला आतून कडी लावू द्यायची नाही. थंडीतही नाही. कडी लावली की ती उठून बसायची. दोन वर्षांहून जास्त काळ मी त्या शेडमध्ये अभ्यास केला, जेवले, झोपले. त्या दोन वर्षांत घरात भावाचं नाव कुणी घेतलं नाही.

लग्न ठरताना आईने मला एकच गोष्ट सांगितली होती: "तिकडं ते सगळं उगाळत बसू नको. लोक कीव करतेत, मग त्याच नजरेनं बघतेत." म्हणून मी उगाळत बसले नाही. नवऱ्याला माहीत होतं की भूकंपात माझा भाऊ गेला. त्यापलीकडे काही नाही. मला खिडकी उघडी लागते, न्हाणीघराचं दार मी पूर्ण लावत नाही, हे त्यांना सवयीचं झालं होतं. मला उकडतं, असं ते समजायचे.

दार उघडलं तेव्हा मी घामाने भिजले होते. ते म्हणाले, "अरे बापरे, लई तापलं का? छताला थर्माकोल लागला की न्हाई होणार."

"हो," मी म्हणाले आणि घरात गेले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. चार वाक्यं होती फक्त. पण मी ती बोलले नाही आणि त्या दिवसापासून माझी जीभ कडू झाली. गाडीचं काहीच मला बरं दिसेना. रंगाचा वास येतो, असं मी म्हणायचे. शेजारचे काय म्हणत असतील, म्हणायचे. सरकत्या दाराच्या आवाजाने डोकं उठतं. शाळेत कुणी विचारलं की मी हसून सांगायचे, "आमच्या घरी भंगाराचं वेड शिरलंय." बाया हसायच्या. घरी येऊन मला वाईट वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

छताला फळ्या लागत होत्या त्या दिवशी मी चहा घेऊन गेले. हे शिडीवर होते, चाचा खाली फळी धरून उभे होते. हे म्हणाले, "बघ, आता आत ये. थंडगार झालंय. लॉजच्या रूमपेक्षा भारी होऊन राहिलंय."

आणि मी म्हणाले, "लॉजमध्ये न्यायची ऐपत नाही म्हणून मला डबड्यात झोपवणार, एवढंच ना?"

चाचांनी फळी हळूच खाली टेकवली. मान खाली घालून ते भुशातले स्क्रू गोळा करायला लागले. हे शिडीवरून माझ्याकडे बघत राहिले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"हाव," ते म्हणाले. "ऐपत तर न्हाई."

मी कप तिथंच ठेवून आले. मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी गाडी आणखी चांगली करायला घेतली. बिचाऱ्यांना वाटलं, बायकोला गाडी गरिबीची वाटतेय. मग खाली फुलाफुलांचं लिनोलियम आलं. बाहेरून पिवळा रंग जाऊन पांढरा आणि निळा झाला. छोटा पंखा बसला, त्याला स्वतः वायंडिंग केलेली मोटार, आवाज न करणारी. माझ्यासाठी पुस्तकांचा एक रॅक केला आणि गाडी वळली तर पुस्तकं पडू नयेत म्हणून समोरून पितळेची दांडी लावली. ती दांडी कुठल्यातरी जुन्या देव्हाऱ्याची होती, चिंच लावून घासून चकचकीत केलेली. प्रत्येक गोष्ट झाली की मला बोलवायचे. "आणखी काय पाहिजे?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "काही नाही, छान आहे." माझ्या आवाजात छान काही नसायचं आणि त्यांना ते ऐकू यायचं.

दिवाळीच्या पाडव्यानंतर आम्ही निघालो. सकाळी मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरली वांगी करून घेतली होती. चाचा निरोप द्यायला आले. चाकांवरून हात फिरवला आणि ह्यांना म्हणाले, "उतारावर गिअरमध्ये ठेव. घाई करू नको." लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही दुपारी लातूरला आलो. गाडी छान चालत होती. खिडक्या उघड्या होत्या, वारा येत होता, सोयाबीन काढून मोकळी झालेली शेतं दोन्ही बाजूंना दिसत होती. हे गाणं गुणगुणत होते. मी त्यांना वांग्याची फोड दशमीत गुंडाळून भरवली. तेवढ्या वेळात मला वाटलं, होईल सगळं नीट.

मुरुडच्या थोडं पुढं ह्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं शेत होतं. तिथं थांबायचं ठरलं होतं. त्या माणसाने विहिरीजवळची जागा दिली, कंदील नको म्हटलं तरी आणून दिला आणि सकाळी दूध पाठवतो म्हणून निघून गेला. ह्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला शेगडी काढून खिचडी टाकली. मला हात लावू दिला नाही. बांधावर बसून आम्ही जेवलो. हे म्हणाले, "परवा या टायमाला समुद्रावर."

जेवण झालं. त्यांनी पलंग उघडला, खोळ नीट केली, माझी उशी खिडकीकडे ठेवली. "डास येतेत," म्हणून काचा सरकवल्या. मग सरकतं दार लावलं आणि आतून कडी घातली. शेतात उघड्यावर होतो, बायको सोबत होती, कोणत्याही माणसाने घातली असती.

मी उभीच राहिले.

"काय झालं?"

"दार उघडा."

"अगं, कुत्री असतेत इकडं."

"दार उघडा म्हणते ना!"

त्यांनी उघडलं. मी खाली उतरून बांधापर्यंत चालत गेले. ते मागून आले. मग म्हणाले, "सांग तर काय झालं. तब्येत बरी न्हाई का?"

आता तरी सांगावं. मी तोंड उघडलं. आणि त्यातून काय निघालं, तर "मला नाही झोपायचं ह्यात. लाज वाटते मला. रस्त्याच्या कडेला झोपणाऱ्या लोकांसारखं."

हे वाक्य मी का निवडलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटणं सोपं होतं बहुतेक. लाजेला कारण द्यावं लागत नाही. भीती म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं कशाची, आणि मग मला तो सात वर्षांचा मुलगा त्या शेतात आणून उभा करावा लागला असता.

त्यांनी भांडी विसळली. पलंग मिटला. शेतवाल्याला फोन करून सांगितलं की घरून निरोप आलाय, जावं लागतंय. गाडी वळवून आम्ही लातूरला आलो. बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये त्यांनी खोली घेतली, माझी पिशवी वर आणून ठेवली, खिडकी उघडून दिली.

"गाडीत सामान हाय," ते म्हणाले. "मी खालीच झोपतो."

सकाळी मी गॅलरीत आले तर खाली गाडीजवळ ते उभे होते. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. चादरीची टोकं जुळवून घडी घालत होते, एकट्याने, हनुवटीखाली एक टोक धरून. आम्ही तिथूनच नांदेडला परत आलो. वाटेत चाकूरला चहा घेतला. पैसे देताना सुट्टे आहेत का, एवढंच काय ते बोलणं झालं.

दोन महिन्यांत गाडी विकली गेली. मी विका म्हटलं नव्हतं. ठेवा असंही म्हटलं नव्हतं. घेणारा उदगीरकडचा होता, त्याला तिच्यात चहा-नाश्त्याचं दुकान करायचं होतं, म्हणून आतलं सगळं काढून पाहिजे होतं. पलंग तुटू नये म्हणून ह्यांनी चाचांनाच बोलावलं. चाचांनी आपले सांधे आपल्याच हातांनी सोडवले. एकेक लाकूड बाहेर आणून भिंतीला टेकवत होते. मी तीन कप चहा केला आणि दाराच्या चौकटीत उभी राहिले. प्लॉटमध्ये फळ्यांचा, थर्माकोलच्या पांढऱ्या कणांचा पसारा पडला होता. घेणाऱ्या माणसाने पितळी दांडीचा रॅक हातात धरून मला विचारलं, "वहिनी, हे तुम्हाला ठेवायचं का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्या," मी म्हणाले. "आम्हाला काय करायचंय."

त्या माणसाने तो गाडीत ठेवला. त्याचं त्यानं काय केलं माहीत नाही. पलंगाचं लाकूड चाचांनी घरी नेलं. त्यानंतर हे पुन्हा पूर्वीसारखे संध्याकाळी उशिरा घरी यायला लागले. जेवताना मोबाइल बघायचे, पण क्रिकेट. मुलीने फोनवर एकदा विचारलं, "बाबा, गाडी का विकली?" ते म्हणाले, "मेंटेनन्स लई होता, बाळा." मी शेजारी बसून लसूण सोलत होते.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून आम्ही दोघं माहेरी गेलो. नवीन गावातलं घर सिमेंटचं आहे, चौकोनी, सरळ रस्त्याकडेचं. पण भावाने त्या जुन्या शेडचे पत्रे आणून घरामागे एक खोपट केलं होतं. त्यात सोयाबीनची पोती, कडबा आणि कार्यक्रमाची मोठी भांडी ठेवलेली असतात. वहिनीने मला म्हटलं, "तेवढी परात आणा ना तिथनं." माझा पाय उचलेना. मी काहीतरी निमित्त काढत होते, तेवढ्यात ओसरीवर बसलेली माझी आई म्हणाली, "तिला नको सांगू गं. तिला पत्र्यात जीव कोंडतो. शेडात होतो तवापासून हाय तिला ते. दार लावलं की रडायची नुसती."

हे तिथंच बसले होते. बाळासाठी आणलेल्या पाळण्याचा दोर बांधत होते. त्यांचे हात थांबले.

आई आता थकली आहे, पूर्वी जे बोलायची नाही ते सहज बोलते. ती पुढंही बोलत राहिली. कडीबद्दल, माठातल्या कोमट पाण्याबद्दल, माझ्या धाकट्या भावाबद्दल. त्याचं नाव घेऊन बोलली. हे ऐकत होते. मग उठले, खोपटात गेले आणि परात घेऊन आले. बराच वेळ लागला त्यांना. परात कुठं आहे ते दिसत असूनही.

परत येताना किल्लारीहून लातूरपर्यंत जीपमध्ये गर्दी होती, बोलता आलं नाही. लातूरला नांदेडची एसटी मिळाली. खिडकीजवळ मी, शेजारी ते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, पाणीबाटलीवाले चढले उतरले, आणि हे समोरच्या सीटकडे बघत म्हणाले,

"मागं पूर्ण दार ठेवता आलं असतं."

"काय?"

"गाडीला. मागची अख्खी बाजू उघडी. जाळी लावायची, डास येत न्हाईत. कडीची गरजच नव्हती. छतही कापून निम्म्यात ताडपत्री टाकली असती, गुंडाळता येणारी. आभाळ दिसलं असतं झोपल्या झोपल्या." ते हाताने गुडघ्यावर मापं घेत होते. "लई अवघड न्हाई ते. आठ दिवसांचं काम."

मी ती मापं घेणारी बोटं बघत होते.

"सांगायचं की," ते म्हणाले. रागावून नाही. "मी समजलो, तुला माझी लाज वाटते."

बस निघाली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला. माळाकोळीच्या पुढं कुठंतरी ते बसल्या बसल्या झोपून गेले.

मी नंतर दोनदा म्हणाले की दुसरी एखादी गाडी बघा, मीही थोडे पैसे बाजूला ठेवलेत. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, "आता कंबर धरून राहिली गं, गाडीखाली शिरता येत न्हाई." ते खरंही आहे.

मागच्या महिन्यात मी चाचांना भेटायला गेले. त्या दिवशी त्यांच्यासमोर मी जे बोलले होते, त्याची माफी मागायची होती. चाचा आता बाहेर पडत नाहीत. अंगणात खुर्चीवर बसले होते. मी जवळ जाऊन सांगायला लागले तर त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. ऐकायला येत नव्हतं. मी आवाज चढवला. मग आणखी चढवला. शेवटी अक्षरशः ओरडून म्हणाले, "चाचा, मला त्या गाडीत भीती वाटायची! म्हणून तसं बोलले!" गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. इतक्या वर्षांत ते वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं.

चाचा हसले. "बसा मॅडम, चहा घ्या," म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं.

त्यांची सून पिठाच्या हातांनी आतून बाहेर आली होती. तिला वाटलं, काही भांडण झालं की काय. मग मी तिलाच सांगितलं सगळं, गाडीपासून मागं शेडपर्यंत. ती हातावरचं पीठ वाळलं तरी उभी राहिली. शेवटी म्हणाली, "घरी दादांना सांगितलंत का तुम्ही हे?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांना कळलं."

त्या संध्याकाळी हे घरी आल्यावर मी त्यांना जेवायला वाढलं आणि समोर बसून माझ्या भावाबद्दल सांगायला लागले. तो कसा दिसायचा, बोबडं काय बोलायचा, आदल्या दिवशी मिरवणुकीत कुणाच्या खांद्यावर बसला होता. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. मधे मधे "मग?" असं विचारत राहिले. ताटातलं गार झालं तरी उठले नाहीत. गाडीबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.